वहीतली केबल आणि आभाळातली छत्री

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा माझ्याकडे आला. नवे लग्न, नवे बिऱ्हाड आणि हप्त्यांवर घेतलेला नवा टीव्ही. म्हणाला, "चाचा, केबल घेऊ का छत्री बसवू? तुमीच सांगा."

कवी माणसाला असे कामाचे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्यामुळे मला बरे वाटले. पण उत्तर मी लगेच दिले नाही. वरवर पाहिले तर हा महिन्याच्या दोन-तीनशे रुपयांचा प्रश्न आहे. पण त्याच्या पोटात पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आमच्या यवतमाळ जिल्ह्यातला कापूस आहे, भारनियमन आहे, पाऊस आहे, उधारीही आहे. तोच इतिहास आज तुमच्यापुढे मांडतो.

आपल्याला वाटते, आधी केबल आली आणि मग छत्री आली. घरापुरते ते खरे आहे. देशाच्या इतिहासात मात्र क्रम उलटा आहे. आपल्याकडे आभाळातून थेट येणारे चित्र आधी आले, आणि तेही शहरात नव्हे, खेड्यात.

१९४५ साली आर्थर क्लार्क नावाच्या इंग्रज लेखकाने एक कल्पना मांडली. विषुववृत्तावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर यंत्र सोडले, तर ते पृथ्वीच्याच वेगाने फिरेल आणि खालून पाहणाऱ्याला एका जागी उभे असल्यासारखे भासेल. म्हणजे आभाळात ठोकलेली खुंटीच. त्या खुंटीला संदेश टांगायचा आणि खाली निम्म्या खंडाने तो उतरवून घ्यायचा. तीस वर्षांनी, १ ऑगस्ट १९७५ रोजी, आपल्या इस्रोने अमेरिकेच्या 'नासा'कडून एक उपग्रह वर्षभरासाठी वापरायला घेतला आणि सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे खेड्यांत टीव्ही पोहोचवला. या प्रयोगाचे नाव 'साईट'. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची दहा फुटी छत्री, तिच्याखाली एक संच आणि समोर सारे गाव, असे ते दृश्य. शेती, आरोग्य, शिक्षण हे विषय. क्लार्क तेव्हा श्रीलंकेत राहत होते. आपल्या अभियंत्यांनी त्यांच्या कोलंबोच्या घरावरही अशी एक छत्री बसवून दिली होती.

त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आमच्या पूर्वेला रायपूरकडच्या खेड्यांत चित्र उतरत होते, दक्षिणेला आंध्रातल्या खेड्यांत उतरत होते. आमच्या आर्णीत मात्र अब्बा रेडिओवर बाजारभाव ऐकत होते. वर्षभराने, ३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला आणि उपग्रह परत गेला. खेड्याला थेट आभाळाशी जोडण्याची कल्पना त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे कपाटात पडून राहिली.

मधल्या काळात दूरदर्शन आले. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई केंद्र सुरू झाले होते. पण आमच्यासाठी मुंबई म्हणजे परदेशच. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि चित्रे रंगीत झाली. १९८३ साली 'इन्सॅट-१ बी' वर गेला आणि पुढच्या वर्षी देशभर लहानमोठे प्रक्षेपक उभारण्याचा सपाटा सुरू झाला. यवतमाळहून निघालेले चित्र चाळीस किलोमीटरवरच्या आर्णीपर्यंत येता येता दमून जायचे. उंच लोखंडी पाइपावर अँटेना, तिला बूस्टर, आणि छतावर चढलेला घरातला धाकटा. खालून ओरडायचे, "आलं, आलं... गेलं! परत फिरव!" आमच्या घरात तो धाकटा मीच होतो. गच्चीवर उभे राहून मी जेवढा टीव्ही 'आणला', तेवढा पाहिला नाही.

त्या काळी निवडीचा प्रश्नच नव्हता. वाहिनी एकच, वेळ ठरलेली. २५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. आमच्या मोहल्ल्यात टीव्ही दोनच. एक काकूंकडे आणि एक आमच्याकडे. काकूंचा बिघडला की त्यांच्या घरची मंडळी आमच्याकडे येत आणि अम्मी सर्वांत पुढची सतरंजी त्यांच्यासाठी राखून ठेवी. पुढे १९८८ मध्ये 'महाभारत' आले. त्याची पटकथा आणि संवाद राही मासूम रझा यांचे आहेत, हे अब्बांनी पडद्यावर वाचले तेव्हा त्यांनी ते नाव दोनदा मोठ्याने उच्चारले होते. माझे मराठीत लिहिणे त्यांना तोवर नवलाचे वाटत असे. त्या दिवसानंतर त्यांनी त्यावर प्रश्न विचारला नाही.

आता केबलकडे येऊ. केबलचा जन्म डोंगरामुळे झाला. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया आणि ओरेगॉन या राज्यांतल्या काही गावांत डोंगराआड चित्र पोहोचत नव्हते. तेव्हा तिथल्या काही उद्योगी माणसांनी उंचावर एकच मोठी अँटेना लावली आणि तिथून तारा ओढून घराघरांत चित्र दिले. मूळ कल्पना एवढीच. एकाने उंच जागी उभे राहायचे आणि खालच्यांना वाटून द्यायचे.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात मुंबईच्या इमारतींत एका व्हीसीआरवरून तारा ओढून घराघरांत सिनेमे दाखवू लागले, तिथे केबलची सुरुवात झाली. पण तिला खरे पंख फुटले १९९१ मध्ये. जानेवारीत आखाती युद्ध सुरू झाले आणि मोठ्या हॉटेलांच्या छत्र्यांवर युद्धाची चित्रे थेट दिसू लागली. त्याच वर्षी हाँगकाँगहून 'स्टार टीव्ही' सुरू झाला. २ ऑक्टोबर १९९२ रोजी 'झी टीव्ही' आला. ही चित्रे 'एशियासॅट-१' या उपग्रहावरून येत होती. ती झेलायला आठ-दहा-बारा फुटांची छत्री लागे. एवढी छत्री कोणाला परवडणार? मग गावातल्या एखाद्या हुशार पोराने कर्ज काढून ती घ्यायची आणि तारेने सर्वांना वाटायची. अमेरिकेत डोंगरामुळे जे झाले, ते आपल्याकडे पैशामुळे झाले.

आमच्या गावचा केबलवाला आधी रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. त्याने घरच्या गच्चीवर छत्री मांडली तेव्हा बायाबापड्या पाहायला गेल्या होत्या. मग काळ्या तारा निघाल्या. या गच्चीवरून त्या गच्चीवर, चिंचेच्या फांदीवरून विजेच्या खांबावर, खांबावरून मशिदीमागच्या बोळात. दर काही घरांनंतर एक बूस्टर. त्याला वीज लागे. म्हणून जवळच्या एखाद्या घरातून वायर घ्यायची आणि त्या घराला केबल फुकट द्यायची. आमच्या ओळीतला बूस्टर काकूंच्या ओसरीत होता. काकूंनी रागावून बटण बंद केले की अर्ध्या मोहल्ल्याचा टीव्ही बंद!

सरकारला या तारांची दखल घ्यायला काही वर्षे लागली. १९९५ मध्ये केबल टीव्हीचा कायदा झाला. केबलवाल्याने नोंदणी करायची ती प्रधान डाकघरात. पूर्वी रेडिओचा परवाना पोस्टात निघायचा, तशीच ही नोंद. दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणेही सक्तीचे झाले. पुढे १५ ऑगस्ट १९९९ रोजी 'अल्फा मराठी' आली, २००० मध्ये 'ई टीव्ही मराठी' आली आणि आमच्या घरात दिवसभर मराठी बोलणारा टीव्ही आला. अम्मीचे मराठी त्या मालिकांनी सुधारले, असे ती स्वतः सांगे.

पण श्रोतेहो, केबलची खरी गोष्ट वाहिन्यांची नाही, वहीची आहे. केबलवाला महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये मागायला यायचा. त्याच्या काखेत एक लांबट वही असे. आमची पाच एकर कोरडवाहू. पैसा यायचा तो दिवाळीनंतर, कापूस विकला की. मृगापासून दसऱ्यापर्यंत घरात नुसता खर्च. तो दारात उभा राहायचा, अब्बा आत पाहायचे, आणि तोच म्हणायचा, "राहू द्या चाचा, कापूस इकला का द्या." वहीत एक टिंब पडायचे. किराणा दुकानदाराची वही असते, कृषी केंद्राची असते, तशीच ही केबलची. गावाचा पैसा ज्या चालीने फिरतो, त्याच चालीने त्याचा धंदा फिरत होता.

शिवाय त्याची स्वतःची वाहिनी होती. संध्याकाळी अर्धा तास गावच्या बातम्या. बाबा कंबलपोशांच्या उरुसाची संदल मिरवणूक, गणपती विसर्जन, शाळेचे स्नेहसंमेलन, कोणाची मयत किती वाजता निघणार, नळ उद्या येणार की परवा. २००५-०६ च्या सुमारास आमच्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर गेले. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. दिल्लीच्या वाहिन्यांवर आम्ही आमचाच जिल्हा पाहत होतो. पण खरेदी केंद्रावर आज माप होणार की नाही, गाड्यांची रांग कुठवर गेली आहे, हे मात्र त्या अर्ध्या तासातच कळायचे. कवी संमेलनाच्या बातमीत माझा चेहराही मी प्रथम तिथेच पाहिला.

केबलवाला देवमाणूस होता, असे मी म्हणत नाही. गावात तो एकटाच होता. तो दाखवील ते पाहायचे. सामना रंगात यायचा आणि तार तुटायची. वाहिन्यांना पैसे देताना जोडण्या कमी दाखवण्याची तक्रार देशभरच्या केबलवाल्यांविरुद्ध होती. आणि भारनियमन! त्या वर्षांत दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसे. आपल्या घरी वीज आहे पण बूस्टरच्या घरी नाही, म्हणजे चित्र नाही. बूस्टरकडे आहे पण त्याच्या गच्चीवरच नाही, तरीही चित्र नाही. चित्र दिसायला निम्म्या गावात एकदम वीज असावी लागे. असे तास थोडेच असत.

इथे छत्रीची गोष्ट पुन्हा सुरू होते. उपग्रहावरून थेट घरात, म्हणजे डीटीएच. त्याचे तंत्र नव्वदच्या दशकातच तयार होते. पण परदेशी कंपन्या आभाळातून थेट घरात उतरतील, या धास्तीने सरकारने जुलै १९९७ मध्ये त्यावर बंदी घातली. २००० च्या अखेरीस ती उठली, मार्च २००१ मध्ये नियम आले. २००३ मध्ये 'डिश टीव्ही' सुरू झाला. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत सेवा आली, तिलाच आज 'फ्री डिश' म्हणतात. २००६ मध्ये 'टाटा स्काय' आला आणि मग चार-पाच कंपन्यांची रीघ लागली.

बारा फुटांची छत्री दोन फुटांवर कशी आली, हेही सांगतो. जुन्या लहरींची लांबी साधारण साडेसात सेंटिमीटर, नव्यांची अडीच. लहर आखूड आणि उपग्रहाचा जोर जास्त, म्हणून खालचे भांडे लहान चालते. पण आखूड लहरीला पावसाचा थेंब अडवतो. म्हणून मुसळधार पाऊस आला की छत्रीचे चित्र चौकोन-चौकोन होऊन थिजते. नाव छत्री आणि पावसातच निकामी, असा हा विनोद आहे.

तरीही छत्रीने जे केले, ते केबलला कधी जमले नसते. आमच्या जिल्ह्यात कोलामांचे पोड आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. वीस-पंचवीस घरे, मुख्य रस्त्यापासून चार-पाच किलोमीटर आत. तिथवर तार ओढणे केबलवाल्याला परवडत नव्हते, आणि तो कधी गेलाही नाही. छत्रीला तार लागत नाही. आग्नेयेला मोकळे आभाळ दिसले की पुरे. एकदाच दोन-तीन हजार खर्च करायचे आणि पुढे महिन्याचे काहीच नाही. झरी-जामणीकडच्या एका पोडावर कुडाच्या भिंतीला टेकलेली छत्री मी पाहिली, तेव्हा मला १९७५ ची तारेची जाळी आठवली. खेड्याला दिलेला शब्द तीस वर्षांनी का होईना पाळला गेला होता.

आम्हीही २००८ साली छत्री बसवली. मासिक शुल्काची, एका कंपनीची. कंपनीचे नाव सांगत नाही, सगळ्यांची रीत एकच होती. चित्र आरशासारखे. इन्व्हर्टरवर भारनियमनातही चालायचे. मी खूश. केबलवाल्याला नाही म्हणताना जरा चोरट्यासारखे झाले, पण तो काही बोलला नाही, तार गुंडाळून घेऊन गेला. पुढच्याच वर्षी पाऊस कमी झाला आणि कापूस जेमतेम झाला. ऑक्टोबरात एके संध्याकाळी पडदा निळा पडला. रिचार्ज करा, अशी पाटी. अब्बांनी मला विचारले, "याला सांगता येत नाही का, कापूस विकला की देतो म्हणून?" मी हसलो. पण त्यांनी विनोद केला नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते की सांगायचे कोणाला. दिलेल्या क्रमांकावर मी फोन केला. पलीकडे ध्वनिमुद्रित बाई होती. हिंदीसाठी एक दाबा, म्हणाली.

आणि गावच्या बातम्याही गेल्या. उपग्रहावरून सोडलेले चित्र एकाच वेळी साऱ्या देशावर पडते आणि तिथली जागा फार महाग असते. आर्णीच्या नळाच्या वेळा त्यात कशा बसणार? एका दूरच्या नातलगाची मयत आम्हाला दुसऱ्या दिवशी कळली. पूर्वी केबलवर पट्टी फिरायची.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. २०११ च्या अखेरीस कायदा बदलला आणि केबलही डिजिटल करायचे ठरले. २०१२ मध्ये मुंबईसारखी महानगरे, २०१३ मध्ये नागपूर-पुण्यासारखी शहरे, आणि मुदती वाढत वाढत २०१७ पर्यंत आमच्यासारखी गावे. घरोघरी सेट टॉप बॉक्स आला. चोरी थांबली, चित्र सुधारले. २०१९ मध्ये 'ट्राय'ने नवी दररचना लागू केली. शंभर वाहिन्यांपर्यंत १३० रुपये अधिक कर, आणि सशुल्क वाहिन्यांचे वेगळे. पाहाल त्याचेच पैसे द्या, हे तत्त्व चांगले होते. पण यादी भरताना भल्याभल्यांना घाम फुटला. या बदलात केबलही आगाऊ पैशांची झाली. बॉक्स दूरवरून बंद होतो. केबलवाल्याने मनात आणले तरी त्याला "राहू द्या" म्हणता येत नाही. त्याच्याच खात्यात आधी पैसे असावे लागतात. अशी ती लांबट वही संपली.

दरम्यान २०१६ पासून मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले. २०१९ च्या सुमारास सशुल्क डीटीएचची घरे देशात सात कोटींवर होती. २०२५ पर्यंत ती सहा कोटींच्या खाली आली. कोणी फ्री डिशकडे गेले, कोणी मोबाइलकडे. केबलची घरेही घटली. म्हणजे काकूंचा मुलगा ज्या दोघांत निवड करू पाहत होता, ते दोघेही आता उताराला लागलेले आहेत.

तरी त्याला उत्तर द्यायचे होतेच. मी म्हणालो, आधी घरात बसून लिही, महिनाभरात तुम्ही खरोखर कोणत्या वाहिन्या पाहता. दहाच्या वर जाणार नाहीत. त्यांचाच हिशेब दोन्हीकडे विचार. गावात राहणार असशील आणि त्याच तारेतून इंटरनेट मिळत असेल, तर केबल बरी. शेतावर आई-वडिलांसाठी हवा असेल, तर फ्री डिश लाव; त्यात सह्याद्री आहे, आणखी काही मराठी वाहिन्या आहेत आणि पैसे संपण्याची भीती नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर छत्रीचा उपयोग जास्त. आणि शेवटचे, बिघडले तर छतावर कोण चढणार, त्याचे नाव ठाऊक असेल तेच घे.

तो म्हणाला, "चाचा, नाव तर एकच ठाऊक हाय." आणि त्याने केबल घेतली.

मीही परवा त्या केबलवाल्याकडे गेलो होतो. आता तो केबल, रिचार्ज, इंटरनेट सारेच पाहतो. मागच्या अंगणात त्याची जुनी बारा फुटी छत्री उताणी पडली आहे आणि तिच्यात साचलेले पाणी शेळ्या पितात. बोलता बोलता त्याने कपाटातून ती वही काढली. अब्बांच्या नावापुढे तीन महिन्यांची बाकी अजून होती. आम्ही छत्री घेतली त्या वर्षाची. अब्बांना जाऊन आता सात वर्षे झाली. मी पाकीट काढले, तर त्याने माझा हात धरला. म्हणाला, "राहू द्या भाईजान. बाकी असली का माणूस येत राह्यते."

मी पैसे परत खिशात ठेवले. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.